सुरकुती जाईल, घडीची रेघ राहील

वाचकाचं पत्र: "माझे वडील बोटीवर नोकरीला होते. ते जाऊन दोन वर्षं झाली. परवा त्यांची पेटी आवरताना एका पत्र्याच्या डबीत सहा नोटा सापडल्या, वेगवेगळ्या देशांच्या. चार नोटा चौपदरी घडी घालून ठेवलेल्या, त्यातली एक युरोची. एक अमेरिकन डॉलर, पार चुरगळून गोळा झालेला. आणि एक ऑस्ट्रेलियाची, हाताला प्लॅस्टिकसारखी लागते. या सगळ्या सरळ करून फ्रेममध्ये घालून आईला द्यायच्या आहेत. युरोच्या नोटेवर मी इस्त्री फिरवून पाहिली, तर तिच्यावरची चकचकीत पट्टी आक्रसली आणि बारीक फोड आले. मग घाबरून थांबलो. एक मित्र म्हणतो खळीच्या पाण्यातून काढ, कोऱ्यासारखी करकरीत होईल. दुसरा म्हणतो जुन्या नोटांना किंमत असते, हातच लावू नकोस. काय करू?"

तुम्ही एका नोटेवर थांबलात हे फार बरं केलंत. उरलेल्या पाच नोटांचं अजून काही बिघडलेलं नाही, आणि त्यातल्या बहुतेक चांगल्या सरळ होतील. फक्त त्यासाठी लागेल थोडी दमट हवा, थोडं वजन आणि तीन-चार दिवस. इस्त्री नाही, खळ नाही, पाण्यात बुडवणंही नाही.

आधी एक फरक मनाशी पक्का करा, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. नोटेवरची सुरकुती वेगळी आणि घडीची रेघ वेगळी. खिशात दाबून, मुठीत आवळून कागदाला ज्या चुण्या पडतात त्यात कागदाचे तंतू फक्त वाकलेले असतात. ते पुन्हा सरळ होऊ शकतात. पण एखादी नोट नखाने दाबून घडी घातलेली असेल आणि वर्षानुवर्षं तशीच राहिली असेल, तर घडीच्या बाहेरच्या बाजूचे तंतू ताणून तुटलेले असतात. त्यांच्यावरची शाईही तिथे झडून जाते. नोट उजेडाकडे धरलीत तर ती बारीक पांढरी रेघ दिसेल. ती रेघ कशानेही जात नाही, कारण तिथे पुसायला काही उरलेलंच नाही. तुमच्या चौपदरी घड्यांचा क्रॉस फिकट होईल, नोट काचेखाली सपाट बसेल, पण क्रॉस दिसत राहील. आईला देताना त्याचं वाईट वाटून घेऊ नका. त्या घड्या तुमच्या वडिलांनी घातलेल्या आहेत.

आता हे होतं कसं ते सांगते, म्हणजे हात कुठे आवरायचा ते तुमचं तुम्हालाच कळेल. नोटेचा कागद वहीच्या किंवा वर्तमानपत्राच्या कागदासारखा लाकडाच्या लगद्याचा नसतो. तो कापसाचा असतो. युरोची नोट शुद्ध कापसाची, भारतीय नोटेचा कागदही 100 टक्के कापसाचा, आणि अमेरिकन डॉलरमध्ये 75 टक्के कापूस आणि 25 टक्के लिनन, म्हणजे जवसाच्या खोडापासून काढलेला धागा. म्हणूनच पँटच्या खिशात राहून धुतली गेलेली नोट लगदा न होता बाहेर येते. डॉलर छापणारा अमेरिकी सरकारी छापखाना सांगतो की एका नोटेवर पुढे-मागे अशा सुमारे 4,000 दुहेरी घड्या पडल्या की मग ती फाटते.

कापसाचा सदरा वाळल्यावर चुरगळलेला दिसतो आणि थोडं पाणी शिंपडलं की मऊ पडतो, तेच इथे. कापसाच्या तंतूंमधले बारीक बंध ओलावा शिरला की सैल होतात. अशा वेळी कागद सपाट ठेवून हळूहळू वाळू दिला, तर ते बंध नव्या, सपाट जागी पुन्हा बांधले जातात. इस्त्रीही हेच करते, पण घाईने करते आणि उष्णता वापरते. कापडाला ती सोसते. नोट म्हणजे नुसता कागद नव्हे. तिच्यात प्लॅस्टिकचा धागा असतो, चकचकीत पातळ वर्ख चिकटवलेला असतो, आणि खोदीव ठशावरून दाबून उठवलेली छपाई असते. अंगठा फिरवला की खरखरीत लागते ती हीच. वर्ख आणि धागा उष्णतेने आक्रसतात आणि उठावाची छपाई दाबाने चेपते. तुमच्या युरोच्या नोटेवर नेमकं हेच झालं. तो वर्ख पुन्हा ताणून बसवता येणार नाही, तसा प्रयत्नही करू नका. नखाने दाबलात तर पापुद्रा निघून येईल. नोटेचं मूल्य त्याने बुडत नाही, एवढा दिलासा घ्या. पहिल्या मालिकेतली असली तरी युरो देशांच्या मध्यवर्ती बँका त्या नोटा मुदतीचं बंधन न ठेवता बदलून देतात. पण तुम्हाला ती बदलायची नाहीये, मला कळतंय.

खळीबद्दल मित्राचा हेतू चांगला असेल, पण हे अजिबात करू नका. खळीने नोट करकरीत लागते खरी, पण तो करकरीतपणा वरून लावलेला असतो. खळ म्हणजे कसरीसाठी मेजवानी. जुन्या पुस्तकांच्या बांधणीत कसर आधी कुठे शिरते ते पाहिलंत तर कळेल, जिथे खळ आहे तिथे. शिवाय नोट ओली करून खळीतून काढायची म्हणजे कागदात मुळात असलेला, त्याला ताठपणा देणारा पदार्थ धुऊन जातो. साबणाचंही तसंच. कपडे धुण्याच्या पावडरीत कापड उजळ दिसावं म्हणून जे द्रव्य घालतात ते कागदात बसतं, आणि मग ती नोट अतिनील दिव्याखाली निळी-पांढरी चमकते. खरा नोटेचा कागद त्या दिव्याखाली मंद राहतो आणि फक्त मुद्दाम घातलेल्या खुणा चमकतात. म्हणजे साबणाने धुतलेली खरी नोट तपासणीच्या यंत्राला संशयास्पद वाटू शकते.

मी कागद सांभाळायचं काम शिकत होते तेव्हा एक मळकट नोट कोमट पाण्यात साबण घालून धुतली होती. मळ निघाला, पण नोट सुकल्यावर हातात घेतली तर फडक्यासारखी लिबलिबीत झालेली, आणि चेहऱ्यावरच्या बारीक रेघांची ती खरखर गेलेली. माझ्या शिक्षिकेने ती नोट आणि तसलीच एक न धुतलेली नोट टेबलावर शेजारी शेजारी ठेवली, दिवा बाजूला आडवा धरला आणि मला फक्त पाहायला सांगितलं. न धुतलेल्या नोटेवर रेघांच्या बारीक सावल्या पडत होत्या. धुतलेली सपाट, मुकी दिसत होती. तेव्हापासून कुठलाही जुना कागद हातात आला की मी आधी दिवा आडवा धरते. तुम्हीही तेच करा, काम सुरू करण्याआधी आणि संपल्यावर. मोबाईलचा टॉर्च चालेल. त्या उजेडात खोल सुरकुत्या, घड्या, कुठे चीर गेली आहे का, सगळं उघडं पडतं.

आता दुसऱ्या मित्राचं म्हणणं. ते अर्धं बरोबर आहे. नोटा जमवणाऱ्यांच्या जगात दाबून सपाट केलेली नोट ही छेडछाड केलेली नोट समजतात. तिथे नोटेची अवस्था 70 अंकांच्या मोजपट्टीवर ठरते. 60 च्या पुढे फक्त न वापरलेल्या नोटा जातात, आणि कागद मूळ अवस्थेत राहिलेल्या नोटांना वेगळा शेरा मिळतो. धुतलेल्या, दाबलेल्या नोटेला तो मिळत नाही. तज्ज्ञाला हे कळतं, कारण मूळ नोटेच्या कागदावर उठावाच्या छपाईमुळे मागच्या बाजूलाही बारीक लाटा असतात, त्या दाबल्यावर जातात. म्हणून तुमच्या डबीतली एखादी नोट दुर्मिळ वाटत असेल, फार जुनी, चुकीच्या छपाईची, किंवा अनुक्रमांक अगदी निराळा असलेली, तर ती तशीच बाजूला ठेवा आणि जाणत्या माणसाला दाखवून मग ठरवा. बाकीच्या, वापरून वापरून मऊ पडलेल्या, चौपदरी घडीच्या नोटांना संग्राहकांकडे फारशी किंमत नसते, कारण घड्यांनी त्यांची श्रेणी आधीच खाली गेलेली असते. त्यांची किंमत तुमच्या घरापुरती आहे, आणि घरासाठी त्या सपाट करायला काहीच हरकत नाही.

आता कृती. घाई नको, आणि पहिली नोट वडिलांची नको. आधी तुमच्याच पाकिटातली एखादी चुरगळलेली कागदी नोट घ्या आणि तिच्यावर हात बसवा.

सुरुवात कोरड्याने करा. मऊ, रुंद ब्रशने नोटेवरची धूळ हलक्या हाताने झटका, मधून बाहेरच्या दिशेला. हे टाळलंत तर पुढे ओलाव्याबरोबर तीच धूळ कागदात मुरते आणि मग निघत नाही. कोणी नोटेवर पेनाने काही लिहिलंय किंवा शिक्का मारलाय का ते पाहा. असेल तर त्या नोटेला वाफ, ओलावा काहीही दाखवू नका. फाउंटन पेनची आणि शिक्क्याची शाई दमट हवेतही पसरते. ती नोट नुसती कोरड्या वजनाखाली दोन-तीन आठवडे ठेवा. फरक कमी पडेल, पण अक्षर शाबूत राहील, आणि वडिलांचं अक्षर असेल तर मला वाटतं तेच राहायला हवं.

बाकीच्यांसाठी एक रुंद, घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्या. तळाला स्पंज किंवा जाड टॉवेलचा तुकडा ठेवा, साध्या तापमानाच्या पाण्याने भिजवून घट्ट पिळलेला. पाणी डिस्टिल्ड असेल तर उत्तम, साध्या पाण्यातल्या क्षारांचे डाग उरू शकतात. त्यावर दोन लहान वाट्या उपड्या घालून वर जाळी ठेवा आणि जाळीवर नोट. नोटेचा पाण्याशी कुठेही स्पर्श नको. झाकणाच्या आतून एक टिपकागद चिकटवा, म्हणजे वर साचलेले थेंब नोटेवर पडणार नाहीत. एक थेंब पडला तरी तिथे गोल कडा उमटतो, आणि मग बाकी सगळी नोट सुंदर झाली तरी नजर त्या कड्यावरच जाते. झाकण लावा.

दर अर्ध्या तासाने पाहा. नोट तयार झाली हे दोन गोष्टींवरून कळतं. सपाट टोकाच्या चिमट्याने कोपरा उचलला की तो ताठ न राहता हळूच खाली झुकतो. आणि हलवली की कोरड्या कागदाची ती खडखड येत नाही. साधारण दोन ते चार तासांत असं होतं. कागद जाड, चुण्या जास्त, तर वेळ थोडा जास्त. हाताला ती गार आणि मऊ लागली पाहिजे, ओली नाही. रात्रभर डब्यात विसरू नका. दमट डब्यात कागद एका दिवसापेक्षा जास्त राहिला तर बुरशीची भीती असते, आणि बुरशीचा डाग घडीच्या रेघेसारखाच कायमचा.

चौपदरी घड्यांच्या नोटा डब्यात घडीसकटच ठेवा. कोरड्या उघडायला जाऊ नका, अनेक वर्षं दुमडलेली कोरडी नोट घडीवर फाटते. मऊ पडली की आपण होऊन थोडी उघडते, मग एकेक पदर बोटांनी सोडवायचा. बरेच लोक घडी घालवण्यासाठी ती उलट्या दिशेने दुमडून चेपतात. तसं कधीही करू नका. जे तंतू अजून टिकून आहेत तेही त्याने तुटतात, आणि घडीच्या मधोमध, जिथे दोन रेघा एकमेकींना छेदतात, तिथे भोक पडतं. जुन्या नोटांना ते भोक नेमकं तिथेच का असतं, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल.

आता सपाट करणं. टेबलावर जाड टिपकागद, त्यावर नोट, कोपरे आणि कडा बोटाच्या पेराने हळूच मधून बाहेर सारत सरळ करा, वर पुन्हा टिपकागद, त्यावर काच किंवा सपाट फळी, आणि फळीवर चार-पाच किलोची पुस्तकं, वजन सगळीकडे सारखं बसेल अशी. काच थेट नोटेवर कधीही नको. टिपकागद मऊ असतो, त्यामुळे छपाईचा उठाव त्याच्यात रुततो आणि टिकून राहतो. थेट काचेखाली तोच उठाव चेपतो. नोट वाळू लागते तसा टिपकागद ओला होतो, म्हणून पहिला वीस मिनिटांनी बदला, दुसरा तासाभराने, तिसरा दुसऱ्या दिवशी. मग तीन दिवस तिला विसरून जा. लोक इथे अधीर होतात. दुसऱ्या दिवशी नोट सपाट दिसते म्हणून उचलतात आणि संध्याकाळपर्यंत ती कडांनी गुंडाळायला लागते, कारण आतला ओलावा अजून गेलेला नसतो आणि कागद एका बाजूने आधी वाळतो. तसं झालंच तर घाबरू नका, पुन्हा डब्यात, पुन्हा वजनाखाली. नुकसान होत नाही.

गोळा झालेला डॉलर सर्वात शेवटी घ्या. त्याला दोनदा डब्यात घालावं लागेल. पहिल्यांदा मऊ पडला की फक्त उघडायचा, पूर्ण सपाट करायचा हट्ट नको, आणि हलक्या वजनाखाली एक दिवस. दुसऱ्यांदा पूर्ण सपाट. चोळामोळा झालेल्या नोटेवर शेकडो बारीक रेघा असतात. त्यातल्या बहुतेक नुसत्या वाकलेल्या असतात आणि निघून जातात. जिथे मुठीने टोक दाबलं होतं तिथे एखाद-दुसरी राहील. मला विचाराल तर सहांपैकी सर्वात जास्त फरक तुम्हाला याच नोटेत दिसेल.

ऑस्ट्रेलियाच्या नोटेला यातलं काहीच लागू नाही. ती कागदाची नाहीच. प्लॅस्टिकची, म्हणजे पॉलिमरची आपली पहिली नोट ऑस्ट्रेलियाने 1988 मध्ये काढली आणि 1996 पर्यंत त्यांच्या सगळ्या नोटा पॉलिमरच्या झाल्या. तिच्यात ओलावा शिरत नाही, म्हणून डब्याचा उपयोग नाही. आणि उष्णता तर मुळीच नाही. बँक ऑफ इंग्लंडने आपल्या पॉलिमर नोटांबद्दल सांगितलंय की 120 अंश सेल्सिअसच्या वर त्या आक्रसतात आणि वितळतात. इस्त्रीची सर्वात कमी खूण, एक टिंब, सुमारे 110 अंशांची असते. म्हणजे अगदी मंद इस्त्रीही काठावर, आणि सुती कापडाची तीन टिंबांची इस्त्री सुमारे 200 अंश. इस्त्री आता कपाटात ठेवून द्या. ही नोट मऊ, किंचित ओल्या फडक्याने पुसून, कोरडी करून, दोन टिपकागदांमध्ये चांगल्या वजनाखाली दोन आठवडे ठेवा. घडी पडलेली असेल तर ती पूर्ण जाणार नाही, पॉलिमर आपली घडी लक्षात ठेवतं, पण नोट फ्रेममध्ये सपाट बसेल.

फ्रेमबद्दल दोन गोष्टी, कारण सगळी मेहनत तिथे वाया जाते. नोट मागच्या पुठ्ठ्याला डिंकाने किंवा सेलोटेपने चिकटवू नका. टेपचा चिकटपणा काही वर्षांत पिवळा होऊन कागदात उतरतो, आणि तो काढताना कागद सोलतो. फोटो अल्बमला लावतात तसे कागदी कोपरे लावा, नोट त्यात अडकते. मागचा पुठ्ठा आम्लरहित घ्या. नोट आणि काच एकमेकींना टेकू नयेत म्हणून मध्ये जाड कागदाची चौकट ठेवा. लॅमिनेशन चुकूनही नाही. आणि फ्रेम उन्हाच्या भिंतीवर लावू नका, काही शाया उन्हात फार लवकर उडतात. एखादी नोट फ्रेममध्ये न घालता वेगळी ठेवायची असेल तर पॉलिएस्टरचं पाकीट घ्या. पीव्हीसीची पाकिटं स्वस्त आणि मऊ असतात, पण त्यांतलं तेलकट द्रव्य सुटून नोटेला चिकटतं.

युरोची नोट तुम्ही बहुतेक फ्रेममधून वगळायच्या विचारात असाल. मला वाटतं ठेवा. डब्यात घालू नका, वर्खाखाली ओलावा शिरला तर फोड अजून सुटतील. नुसती कोरडी, टिपकागदात, हलक्या वजनाखाली आठवडाभर. पट्टीची बाजू मागे करून लावलीत तर फोड दिसणार नाहीत. वडिलांच्या घड्या मागूनही दिसतातच.